सेवेचे शिक्षण आणि त्याचे देणे

पुणे-बंगळूर रस्त्याने निपाणीहून कोल्हापूरकडे निघाले की वाटेत कागल लागते. त्या कागल संस्थानात नोकरीस असलेले कृष्णराव गोखले १८७९ साली वारले. घरात कर्ता पुरुष उरला नाही. थोरला मुलगा गोविंद अठरा वर्षांचा आणि धाकटा गोपाळ तेरा वर्षांचा. दोघांचेही शिक्षण चालणे शक्य नव्हते. गोविंदाने शाळा सोडली आणि कागलातच दरमहा पंधरा रुपयांची नोकरी धरली. त्या पंधरांतील आठ रुपये तो महिन्याच्या महिन्याला कोल्हापुरास शिकणाऱ्या भावाला पाठवी. उरलेल्या सात रुपयांत घरच्या माणसांचा प्रपंच चाले.

हा गोपाळ म्हणजेच पुढे नामदार झालेले गोपाळ कृष्ण गोखले. १८८४ साली ते बी. ए. झाले, तेव्हा कुटुंबाची अपेक्षा अशी की, आता त्यांनी वकिली करावी किंवा सरकारी हुद्दा मिळवावा आणि भावाच्या खांद्यावरचा भार उतरवावा. त्यांनी मात्र पुण्यास शिक्षकी पत्करली आणि डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजन्म सभासद होण्याचे ठरविले. दरमहा पंचाहत्तर रुपये वेतन आणि वीस वर्षे सेवेची प्रतिज्ञा, असा तो करार होता. ही प्रतिज्ञा करण्यापूर्वी त्यांना थोरल्या भावाची संमती घ्यावी लागली. ही संमती औपचारिक नव्हती. ज्याने अर्ध्याहून अधिक पगार शिक्षणासाठी दिला, त्याला आपल्या देण्याची फेड आता उशिरा आणि थोडी होणार हे समजून ‘जा’ म्हणायचे होते.

सेवेच्या व्यवसायासाठी घेतलेल्या शिक्षणाचा खर्च आणि त्या व्यवसायातून होणारी मिळकत यांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न आज बेळगाव-निपाणी भागातील कित्येक घरांत निघतो. मुलीला किंवा मुलाला समाजकार्याची पदवी घ्यायची असते. एम.एस.डब्ल्यू. या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी बँकेचे कर्ज काढावे लागते आणि पदवीनंतरचा पगार अभियंत्याच्या किंवा डॉक्टरच्या तोडीचा नसतो. वडील विचारतात, “कर्ज फिटणार कशातून?” हा प्रश्न व्यवहाराचा आहे आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. तो नवाही नाही. गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत याच परिसराने त्याला चार-पाच निरनिराळी उत्तरे देऊन पाहिली. त्यांतील कोणते उत्तर टिकले, कोणते कोसळले आणि का, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

पहिले उत्तर कुटुंबाचे. ते कागलच्या गोविंदरावांनी दिले. त्याच काळातील दुसरे उत्तर गावाचे. माधुकरी मागून किंवा वार लावून जेवणारा विद्यार्थी हा जुन्या महाराष्ट्राच्या परिचयाचा होता. आठवड्याचे सात दिवस सात घरी पान वाढले जाई. शाळेत फी माफ झाली म्हणजे ‘नादारी’ मिळाली असे म्हणत. या व्यवस्थेत कर्जाची नोंद कोठेही नसे. पण तिची एक मोठी उणीव होती. ज्याच्यासाठी दार उघडत असे त्यालाच ती उपयोगी पडे. बहुजन समाजातील आणि अस्पृश्य गणलेल्या समाजातील मुलाला हे वार मिळत नव्हते.

ही उणीव कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी ओळखली. १९०१ साली त्यांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले. त्यामागून जैन, लिंगायत, मुसलमान, अस्पृश्य अशा अनेक समाजांतील विद्यार्थ्यांची वसतिगृहे कोल्हापुरात उभी राहिली. संस्थानाने त्यांना जागा, इमारती व अनुदाने दिली. आजच्या सीमाभागातील खेड्यांतूनही मुले कोल्हापुरास शिकावयास जात, कारण कोल्हापूर जवळ होते आणि तेथे राहण्या-जेवण्याची सोय होती. शिक्षणाच्या खर्चात फीपेक्षा राहण्या-जेवण्याचा वाटा मोठा असतो, हे महाराजांनी फार लवकर हेरले होते. ही गोष्ट आजही हिशेबाच्या वेळी विसरली जाते.

तिसरे उत्तर बडोद्याचे. ४ जून १९१३ रोजी भीमराव आंबेडकर यांनी बडोदे सरकारशी एक करार केला. महाराज सयाजीराव गायकवाडांनी त्यांना अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली. तिच्या मोबदल्यात परतल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानाची नोकरी करावयाची होती. पैशाचे देणे सेवेने फेडावे, असा हा करार. विद्यार्थ्याच्या दृष्टीने तो उदार होता. कारण व्याज नाही, तारण नाही आणि नोकरीची हमी आहे.

परंतु १९१७ साली ते बडोद्यास नोकरीवर रुजू झाले, तेव्हा काय घडले हे सर्वश्रुत आहे. शहरात त्यांना राहावयास जागा मिळेना. कचेरीत शिपाईदेखील त्यांच्या टेबलावर कागद लांबून टाकीत. अल्पकाळातच त्यांना बडोदे सोडावे लागले. करार मोडला तो विद्यार्थ्याच्या अप्रामाणिकपणामुळे नव्हे. ज्या समाजात सेवा करावयाची, त्या समाजाने सेवा करू दिली नाही म्हणून. पुढे अर्धवट राहिलेला अभ्यास पुरा करण्यासाठी १९२० साली ते लंडनला गेले. तेव्हा त्यांनी स्वतःची शिल्लक वापरली, शाहू महाराजांचे साहाय्य घेतले आणि नवल भथेना या मित्राकडून कर्ज काढले. १९२५ साली निपाणी येथे भरलेल्या बहिष्कृत परिषदेचे अध्यक्ष म्हणून ते या भागात आले. त्यांचे शिक्षण किती जणांच्या देण्यावर उभे होते आणि त्याची फेड किती मोठ्या समाजाला मिळत होती, हे निपाणीतील त्या श्रोत्यांनी प्रत्यक्ष पाहिले.

चौथे उत्तर श्रमाचे. कोल्हापूरच्या वसतिगृहात राहून शिकलेले भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली सातारा येथे त्यांनी सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी एकत्र वसतिगृह काढले. मुलांनी शेतात काम करावे, धान्य पिकवावे, स्वयंपाक करावा आणि शिकावे. १९४७ साली साताऱ्यात निघालेल्या शिवाजी महाविद्यालयात ‘कमवा आणि शिका’ ही योजना याच पायावर उभी राहिली. येथे विद्यार्थी कर्ज काढीतच नसे. शिक्षण चालू असतानाच तो त्याचे मोल भरीत असे. अर्थात ही मुले अंगमेहनतीने जे मिळवीत ते सारा खर्च भागण्याइतके नव्हते. उरलेला भार संस्थेने आणि देणगीदारांनी वाहिला. वसतिगृहातील मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाई पाटील यांनी अंगावरचे दागिने मोडले, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. ‘स्वावलंबी शिक्षण’ म्हणताना लक्ष्मीबाईंच्या या देण्याचीही आठवण ठेवावी लागते.

येथपर्यंत सेवा हे व्रत होते. तो पगारी व्यवसाय कसा झाला, हा इतिहासातला पुढचा टप्पा आहे. मुंबईच्या नागपाडा भागात क्लिफर्ड मॅनशार्ट हे अमेरिकन मराठी मिशनचे कार्यकर्ते गरीब वस्तीत काम करीत होते. केवळ सद्भावना असून भागत नाही, दारिद्र्य, आजार, बालगुन्हेगारी यांच्याशी झगडणाऱ्याला शास्त्रशुद्ध शिक्षण पाहिजे, असे त्यांचे मत बनले. त्यांच्या आग्रहाने १९३६ साली ‘सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क’ निघाले. पहिल्या तुकडीत वीस विद्यार्थी होते. १९४४ साली या शाळेला ‘टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस’ हे नाव मिळाले. त्यानंतर १९५५ साली कॅथलिक धर्मभगिनींच्या एका संघाने मुंबईत ‘निर्मला निकेतन’ हे समाजकार्य महाविद्यालय काढले, १९६३ साली पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था स्थापन झाली आणि कोल्हापुरात १९७६ साली स्थापन झालेल्या ‘सायबर’ संस्थेतही हा अभ्यासक्रम आला. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठातही तो आहे.

शाळा निघाल्या, पण पगार कोण देणार? त्याचे मोठे उत्तर कायद्याने दिले. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ४९ व्या कलमाने असे ठरविले की, ज्या कारखान्यात पाचशे किंवा अधिक कामगार असतील तेथे कामगार कल्याण अधिकारी नेमलाच पाहिजे. त्याची पात्रता राज्य सरकारांनी नियमांनी ठरवावी, असेही त्यात होते. या एका कलमाने समाजकार्याच्या पदवीला बाजारात किंमत आली. मुंबईच्या गिरण्या, पुण्याचे कारखाने, पुढे साखर कारखाने यांतून पदवीधरांना नेमणुका मिळू लागल्या.

येथेच निपाणीचे वेगळेपण ध्यानात घेतले पाहिजे. निपाणीचा धंदा तंबाखूचा. वखारींत तंबाखू कुटणे, चाळणे ही कामे बायका करीत. विड्या वळण्याचे काम तर बहुतांशी घरोघरी चाले. मालकाचा मुकादम पान आणि तंबाखू मोजून देई व विड्या मोजून घेई. हजारो बायका एकाच धंद्यात, पण एकाच छपराखाली पाचशे कधीच नाहीत. त्यामुळे ज्या कायद्याने कल्याण अधिकाऱ्याची खुर्ची निर्माण केली, तो कायदा या बायकांच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचलाच नाही. छातीचे विकार, अपुरी मजुरी, बाद ठरविलेल्या विड्यांची कपात या साऱ्यांसाठी समाजकार्यकर्त्याची गरज गिरणीपेक्षा येथे अधिक. पण त्याचा पगार देणारा कोणीच नाही. सेवेच्या पदवीच्या अर्थकारणातली मूळ अडचण हीच आहे. ज्याला सेवेची अत्यंत गरज असते, त्याच्यापाशी सेवेचे मोल द्यावयास पैसा नसतो. म्हणून या पदवीची मिळकत तिच्या उपयुक्ततेने ठरत नाही. तो उपयोग पाहून तिसरा कोणी पैसे देतो की नाही, यावर ती ठरते.

निपाणीत हे काम अखेर झाले ते संघटनेने. १९८० च्या सुमारास वखारींतील आणि विडी वळणाऱ्या बायकांची संघटना उभी राहिली, प्रा. सुभाष जोशी यांनी तिचे नेतृत्व केले. या लढ्यावर छाया दातार यांनी १९८९ साली इंग्रजी पुस्तक लिहिले. पुढे त्यांनी टाटा इन्स्टिट्यूटमध्ये स्त्री-अभ्यासाचे अध्यापन केले. संसदेने १९६६ साली विडी व सिगार कामगारांसाठी वेगळा कायदा आणि १९७६ साली कल्याण निधीचा कायदा केला. विडीवरील उपकरातून दवाखाने आणि विडी कामगारांच्या मुलांसाठी शिष्यवृत्त्या चालल्या. २०१७ साली वस्तू व सेवा कराबरोबर हा उपकर गेला. त्यानंतर या योजनांचा खर्च सरकारी अंदाजपत्रकावर आला. विडी वळणाऱ्या आईच्या मुलीने उच्च शिक्षण घेताना कर्जाचा अर्ज भरण्यापूर्वी या शिष्यवृत्तीची चौकशी केली पाहिजे. तो तिच्या आईच्या श्रमातून उभा राहिलेला हक्क आहे.

पदवीचे मोल आणखी एका गोष्टीवर ठरते, ती म्हणजे मान्यता. त्याचा धडा गारगोटीने दिला. कोल्हापूर जिल्ह्याच्या आजरा भागात जन्मलेले आणि धारवाडात शिकलेले जे. पी. नाईक हे स्वतःच सीमेच्या दोन्ही अंगांचे होते. गारगोटीला व्ही. टी. पाटील यांच्या साहाय्याने त्यांनी मौनी विद्यापीठ उभे केले. खेड्यातल्या मुलाला खेड्यातच, खेड्याच्या कामाचे उच्च शिक्षण मिळावे, हा त्यामागचा विचार. १९५६ साली भारत सरकारने ग्रामीण उच्च शिक्षणाची योजना आखली आणि देशात ज्या मोजक्या ठिकाणी ग्रामीण संस्था सुरू केल्या, त्यांत गारगोटी होती. तेथे ‘ग्रामीण सेवा पदविका’ हा तीन वर्षांचा अभ्यासक्रम होता. नावातच सेवा होती, खर्च शहरापेक्षा कमी होता आणि विषय जिव्हाळ्याचे होते.

तरीही या पदविकेची वाट बिकट झाली. भारत सरकारने नोकरीपुरती तिला पदवीशी समान मानले. पण विद्यापीठाचे शिक्कामोर्तब नसल्यामुळे पुढच्या शिक्षणाच्या वेळी आणि नोकरीच्या दारात विद्यार्थ्याला तिचे समर्थन करीत बसावे लागे. कालांतराने बहुतेक ग्रामीण संस्था विद्यापीठांशी संलग्न होऊन नेहमीच्या पदव्यांकडे वळल्या. शिक्षण चांगले असूनही कागदाला चलन नसेल तर विद्यार्थ्याचे नुकसान होते, हे गारगोटीने शिकविले. आज कोणत्याही समाजकार्य महाविद्यालयात नाव घालण्यापूर्वी त्याची पदवी कोणत्या विद्यापीठाची, महाविद्यालयाचे मूल्यांकन झाले आहे काय, हे विचारावे लागते, ते याच कारणाने.

हेच जे. पी. नाईक पुढे १९६४ ते १९६६ या काळात कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते. त्याच सुमारास, १९६३ साली, भारत सरकारची राष्ट्रीय कर्ज-शिष्यवृत्ती योजना सुरू झाली होती. कर्जाऊ शिष्यवृत्तीची कल्पना जुनीच. जमशेटजी टाटा यांनी १८९२ साली परदेशी शिक्षणासाठी अशी योजना काढली होती. एकाने परत केलेल्या पैशातून दुसरा शिकावा, हा तिचा हेतू. सरकारच्या योजनेत व्याज नव्हते. पण तिच्यातील सर्वांत विचारणीय कलम निराळेच होते. कर्ज घेतलेला विद्यार्थी शिक्षक झाला, तर त्याच्या सेवेच्या प्रत्येक वर्षाला कर्जाचा दहावा हिस्सा माफ होई. दहा वर्षे शिकविले की देणे संपले.

या कलमात बडोद्याच्या कराराची चांगली बाजू होती आणि वाईट बाजू टाळलेली होती. सेवा केली तर देणे फिटे. सेवा करणे अशक्य झाले तर विद्यार्थी बांधलेला नव्हता, तो पैशाने फेड करू शके. दुर्दैवाने सवलत शिक्षकांपुरतीच राहिली, परिचारिका किंवा समाजकार्यकर्ता यांना ती लाभली नाही. शिवाय ज्यांनी फेडावयाचे होते त्यांच्याकडून वसुली फार कमी झाली आणि पुढे योजनाच बंद पडली. वसुली झाली नाही हा व्यवस्थेचा दोष. मूळ कल्पना मात्र त्यामुळे चुकीची ठरत नाही.

२००१ साली बँकांची शैक्षणिक कर्जाची सर्वमान्य योजना आली आणि आजचा काळ सुरू झाला. चार लाखांपर्यंत तारण नको, आई किंवा वडील सहकर्जदार आणि शिक्षण संपल्यावर काही काळाने हप्ते सुरू, असा तिचा साधारण सांगाडा. यामुळे ज्यांच्या घरी गहाण टाकावयास काही नव्हते, त्यांनाही उच्च शिक्षणाचे दार उघडले, हे निःसंशय. पण बँकेच्या हिशेबात अभ्यासक्रम कोणता याने हप्ता कमी होत नाही. सेवा करणाऱ्याचा आणि व्यापार करणाऱ्याचा रुपया तेथे सारखाच.

हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा. उदाहरणादाखल असे धरू की, दोन वर्षांसाठी दरसाल एक लाख याप्रमाणे दोन लाखांचे कर्ज दहा टक्के व्याजाने घेतले आणि शिक्षण संपल्यावर एका वर्षाने हप्ते सुरू झाले. पहिल्या लाखाचे तीन वर्षांचे सरळ व्याज तीस हजार, दुसऱ्याचे दोन वर्षांचे वीस हजार. म्हणजे पहिला हप्ता भरण्यापूर्वीच देणे अडीच लाख झालेले असते. ते पाच वर्षांत फेडावयाचे तर मासिक हप्ता सुमारे ५,३०० रुपये. दहा वर्षांत फेडावयाचे तर सुमारे ३,३०० रुपये. हप्ता लहान वाटतो, पण पाच वर्षांत एकूण भरणा सुमारे ३ लाख १९ हजार होतो आणि दहा वर्षांत सुमारे ३ लाख ९६ हजार. पहिला पगार पंधरा हजार आहे असे मानले, तर पाच वर्षांच्या मुदतीत पगाराचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग बँकेत जातो. उरलेल्यात भाडे, जेवण, प्रवास आणि घरी पाठवावयाचे पैसे.

यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली, हप्ते सुरू होण्यापूर्वीच व्याज भरीत गेल्यास ते पन्नास हजार मुद्दलात मिळत नाहीत. ‘कमवा आणि शिका’ या जुन्या तत्त्वाचा आजचा सर्वांत सोपा उपयोग हाच. दुसरी, सवलती कोणाला पोहोचतात हे पाहावे. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर प्राप्तिकरात सूट मिळण्याची तरतूद कायद्यात आहे. पण ज्याचा पगार करपात्रच नाही, त्या तरुण समाजकार्यकर्त्याला ती कोरडीच. उलट २००९ साली अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी सुरू झालेली व्याज-अनुदानाची योजना त्याच्यासारख्यांसाठीच होती. पुढे तिला संस्थेच्या मूल्यांकनाची अट लागली आणि २०२४ सालची पीएम-विद्यालक्ष्मी योजनाही निवडक संस्थांपुरतीच आहे. लहान गावातील महाविद्यालय अशा यादीत नसेल, तर स्वस्त फीचे शिक्षण कर्जाच्या बाबतीत महाग पडू शकते.

सीमाभागातील विद्यार्थ्याच्या हिशेबात आणखी एक रकाना असतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव व निपाणी म्हैसूर राज्यात गेले, आणि कोल्हापूर मुंबई राज्यात राहिले. घर एका राज्यात, सोयीचे विद्यापीठ दुसऱ्या राज्यात, अशी स्थिती आली. १९६२ साली कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ झाले. निपाणीच्या मुलांसाठी देवचंद महाविद्यालय निघाले ते निपाणीला लागून अर्जुननगर येथे. ही भूमी कागल तालुक्याची, म्हणजे महाराष्ट्राची. राज्याची सीमा ओलांडून जाणारा, पण घरी जेवून कॉलेजला जाणारा विद्यार्थी येथे दिसतो. वसतिगृहाचा खर्च वाचला, ही त्याची मोठीच बचत. २०१० साली बेळगावात राणी चन्नम्मा विद्यापीठ झाल्यानंतर दुसरी वाटही जवळ आली.

पण शिष्यवृत्तीचा अर्ज सामान्यतः आपल्याच राज्यात करावा लागतो, आणि कर्नाटक शासनाच्या सेवेत जावयाचे तर कन्नडची परीक्षा आहे. मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलाने हे आधीच जाणले पाहिजे. भाषेचा वाद आपल्या जागी राहो; या व्यवसायापुरते पाहिले तर निपाणीच्या विडीवाल्या बाईचे दुखणे मराठीत ऐकणारा आणि चिक्कोडी-रायबागच्या बाईचे कन्नडमध्ये ऐकणारा कार्यकर्ता दोघांनाही हवा आहे. दुसरी भाषा शिकण्यास कर्ज काढावे लागत नाही, आणि तिने मिळकतीची दारे मात्र दुप्पट होतात.

पदवीच सर्व काही नव्हे, याचेही उदाहरण याच जिल्ह्यात आहे. १९८२ साली कर्नाटकाने देवदासी प्रथेविरुद्ध कायदा केला. पण सोडलेल्या बायकांना पुन्हा उभे करण्याचे काम कायद्याच्या कलमाने होत नाही. १९९७ साली घटप्रभा येथे माजी देवदासींची स्वतःची संस्था स्थापन झाली. लहानपणी देवीला सोडल्या गेलेल्या सीतव्वा जोडट्टी यांनी तिच्या कामात आयुष्य घातले; २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्या कोणत्याही समाजकार्य महाविद्यालयातून आल्या नव्हत्या. मात्र अशा संस्थेला हिशेब, अहवाल, कायदा, आरोग्य यांची जाण असलेली शिकलेली माणसे लागतातच. अनुभवाने आलेला कार्यकर्ता आणि शिक्षणाने आलेला कार्यकर्ता यांनी एकमेकांना पुरे करावयाचे असते. म्हणून पदवीसाठी कर्ज काढणाऱ्याने आधी सहा महिने अशा एखाद्या संस्थेत राहून काम पाहावे, हा सल्ला खर्चाचा नाही आणि तो पुष्कळांना चुकीच्या कर्जापासून वाचवील.

सव्वाशे-दीडशे वर्षांच्या या हिशेबातून एक गोष्ट उघड होते. सेवेच्या शिक्षणाचे मोल सेवकाने एकट्याने कधीच भरलेले नाही. कधी भावाने भरले, कधी गावाने, कधी संस्थानिकाने, कधी मंगळसूत्र मोडणाऱ्या स्त्रीने, कधी विडीवरच्या उपकराने. गेल्या पंचवीस वर्षांत मात्र ते सारे विद्यार्थ्याच्या आणि त्याच्या आईवडिलांच्या सहीवर आले आहे. म्हणून घराने आपला हिशेब चोख करावा हे खरे. पण समाजानेही आपला करावा. देवदासींच्या मुलांत, विडी कामगारांच्या वस्तीत, दूरच्या खेड्यातील दवाखान्यात जो पदवीधर काम करील, त्याच्या कर्जाचा दहावा हिस्सा दरसाल माफ व्हावा, असे १९६३ चे कलम पुन्हा आणि अधिक विस्ताराने आले, तर त्यात काही अपूर्व ठरणार नाही. एका शिक्षकी पेशाला जे लागू होऊ शकले ते इतर सेवेच्या पेशांनाही लागू होऊ शकते. वसुलीची व्यवस्था तेव्हा ढिली होती. ती आज सुधारता येण्यासारखी आहे.

तोपर्यंत ज्या घरात हा प्रश्न निघेल, तेथे कागद-पेन्सिल घेऊन सर्वांनी एकत्र बसावे. फी किती, राहणे किती, शिष्यवृत्ती कोणती, पदवीला मान्यता कोणाची, पहिला पगार किती आणि हप्ता किती, हे मुलीच्या व मुलाच्या देखत मांडावे. आकडे प्रतिकूल निघाले तर जवळचे महाविद्यालय, लहान कर्ज, आधी नोकरी व मग पदवी, असे मार्ग शोधावेत. आणि सारे मांडून झाल्यावरही मुलीने याच वाटेने जायचे म्हटले, तर ती काय पत्करीत आहे हे घराला कळलेले असावे. कागलच्या गोविंदरावांनाही ते कळले होते. दरमहाच्या आठ रुपयांचा त्यांनी कधी कागद केला नव्हता, तरी भावाने पंचाहत्तर रुपयांची वाट धरली तेव्हा त्यांनी संमती दिली. आणि ती संमती पुरता हिशेब ठाऊक असलेल्या माणसाची होती.